सही करण्याआधी

ताई, नमस्कार.

मी ३६ वर्षांची. सासर डिचोली तालुक्यात, माहेर फोंड्याजवळ. लग्नाला अकरा वर्षं झाली. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. मी एका पतसंस्थेत नोकरी करते. ह्यांचे दोन टिप्पर होते. २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि टिप्पर दारात उभे राहिले. एक विकला, दुसऱ्याचं कर्ज अजून फिटतंय. तेव्हापासून हे बदलले. हात कधी उगारला नाही, पण चार-चार दिवस बोलणं नाही. घरात पैसे किती येतात, कुठे जातात, मला पत्ता नसायचा. माझा पगार मात्र हिशेबात धरलेला. एका रात्री मुलीने विचारलं, "बाबा माझ्याशीपण कट्टी आहेत का?" दुसऱ्या दिवशी मी मुलांना घेऊन माहेरी आले. त्याला आठ महिने झाले.

आता हे म्हणतात, "सही करून मोकळी हो, तू काही मागू नकोस, मी काही मागत नाही." साखळीचा फ्लॅट २०१७ मध्ये घेतला, तो ह्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, हप्ते माझ्याही पगारातून गेलेत. सासूबाई म्हणतात, मुलगा आमचा, मुलीला तू ने. मुंबईचा मावसभाऊ म्हणतो, हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज टाक, सहा महिन्यांत सुटशील, आणि तोवर मुलांना भेटू देऊ नकोस म्हणजे तो वठणीवर येईल. माझे बाबा २०२२ मध्ये गेले. आई भावाकडे असते. भाऊ म्हणतो, कोर्टाचं सुरू होण्याआधी घरावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही कर, म्हणजे जावयाच्या हाती काही लागणार नाही. जो तो सही मागतोय. कुठली करू? आणि मुलगी रोज विचारते, यंदा चवथीला आपण कुठे जायचं.

— एक वाचक

बाय,

पुढचा महिनाभर कशावरही सही करू नकोस. नवऱ्याच्या कागदावर नको, भावाच्याही नको. पतसंस्थेत बसतेस म्हणजे रोज लोकांना सांगत असशील, वाचल्याशिवाय सही करू नका. तेच आज मी तुला सांगते. मी बरीच वर्षं गोव्यातल्या कोर्टांत वकिली केली, आता मध्यस्थ म्हणून बसते. "एकदाचं सुटू दे" म्हणून सही करून गेलेल्या बायका दोन-तीन वर्षांनी परत येतात तेव्हा त्यांना बसायला खुर्ची देण्यापलीकडे फारसं काही माझ्या हातात उरलेलं नसतं. ती वेळ तुझ्यावर येऊ नये म्हणून इतकं लांब उत्तर लिहिते आहे.

आधी मुंबईच्या मावसभावाचं. त्याची तुझ्यावर माया आहे, पण तो सांगतोय तो कायदा तुला लागू नाही. तुला आठवत असेल, हॉलमधल्या अक्षतांच्या आधी तुम्ही दोघं सिव्हिल रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेला होता. एकदा लग्नाचा इरादा नोंदवायला आणि काही दिवसांनी पक्की सही करायला. आपल्याकडे "त्यांच्या सह्या झाल्या" म्हणतात ते हेच. त्या सहीने तुमचं लग्न गोव्याच्या कायद्याखाली झालं. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, १९१० चा घटस्फोटाचा कायदा, आणि वारसा व वाटणीसाठी विधानसभेने २०१२ मध्ये केलेला कायदा, जो २०१६ च्या डिसेंबरात लागू झाला. तुझा घटस्फोट ह्या चौकटीत होणार. मुंबईच्या वकिलाला फी देऊन हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज लिहून आणणारे लोक मी पाहिले आहेत. महिने गेले, पैसे गेले आणि पुन्हा पहिल्यापासून. वकील गोव्यातला घे, आणि त्यातही इन्व्हेंटरीची, म्हणजे कोर्टातल्या मालमत्तेच्या यादी-वाटणीची, कामं केलेला घे.

आता मुख्य गोष्ट. नवरा म्हणतो, तू काही मागू नकोस. अग, यात मागण्यासारखं काय आहे? लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केलेला नसेल (आपल्याकडे फार थोडे लोक करतात, आणि लग्नानंतर तो करता येत नाही), तर सह्या झाल्या त्या दिवसापासून तुमची मालमत्ता समाईक झाली. कम्युनियन ऑफ ॲसेट्स म्हणतात ते हे. लग्नाआधीचं, लग्नानंतरचं, कमावलेलं, वारशाने आलेलं, सगळं एका राशीत, आणि त्या राशीतला अर्धा भाग तुझा. साखळीचा फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर असला तरी अर्धा तुझा आहे. हप्ते तुझ्या पगारातून एकही गेला नसता तरीही अर्धा तुझाच असता. तुझ्या सहीशिवाय तो फ्लॅट त्याला विकता येत नाही, म्हणून तर तुझी सही इतकी हवी आहे. त्याने आणलेला कागद मी पाहिलेला नाही, पण "मला काही नको" अशा अर्थाची एक ओळ त्यात असेल तर त्या एका ओळीत तू अर्धा फ्लॅट सोडून देशील.

पण हीच रास दुसऱ्या बाजूनेही मोजावी लागते, आणि हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुझ्या बाबांचं घर घे. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नाही असं धरून चालू. घर सोळा आण्यांचं. आठ आणे आईचे, ते आधीपासूनच तिचे होते, बाबांकडून तिला मिळाले नाहीत. उरलेले आठ आणे बाबांचे. त्यांतले चार भावाचे, चार तुझे. बाबा गेले तेव्हा तू विवाहित होतीस, म्हणून तुझे चार आणे तुमच्या दोघांच्या राशीत पडले. त्यांतले दोन नवऱ्याचे. तसेच भावाच्या चारांतले दोन तुझ्या वहिनीचे. कायदा सगळ्यांना एकाच मापाने मोजतो.

म्हणून भाऊ म्हणतो तसं गुपचूप हक्क सोडणं जमणारं नाही. हक्कसोडीच्या दस्तावर नवऱ्याचीही सही लागते. त्याला वगळून केलेला कागद पुढे त्याने आव्हान दिलं की तुझ्याच गळ्यात येतो. शिवाय, बाय, जरा थांबून बघ. नवऱ्याला दोन आणे मिळू नयेत म्हणून तू स्वतःचे दोन आणेही सोडून देत्येस. भाऊ लबाड आहे असं मी म्हणत नाही, आई त्याच्याकडे आहे आणि घर फुटेल ही भीती खरी असते. पण उद्या तुला दोन मुलांना घेऊन भाड्याच्या खोलीत राहायची वेळ आली, तर ते दोन आणे हाच तुझा आधार आहे. भावाला प्रेमाने सांग, कागद माझ्याकडे ठेव, वकिलाला दाखवते आणि मग बोलू. खऱ्या मायेच्या भावाला त्यात राग येण्यासारखं काही नाही.

सासरच्या घराचंही विचारशील. सासरे हयात असतील तर त्यांची मालमत्ता त्यांची आणि सासूबाईंची. तुझ्या नवऱ्याच्या हाती त्यातलं आज काहीच आलेलं नाही, म्हणून तुझ्याही नाही.

कर्जाचं मात्र पत्रात एका ओळीत उरकलं आहेस, तिथे मला काळजी वाटते. राशीत जशी मालमत्ता येते तशी कर्जंही येऊ शकतात. कुणी काढलं, कशासाठी काढलं, घराला त्याचा उपयोग झाला का, हे बघितलं जातं. टिप्परच्या कर्जाला तू सहकर्जदार किंवा जामीन आहेस का? आठवत नसेल तर स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढ. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तुझं नाव जिथे जिथे अडकलं आहे ते त्यात दिसेल. आणि घटस्फोट पक्का होईपर्यंत रास चालूच असते, हे विसरू नकोस. आठ महिने वेगळी राहते आहेस, पण तू आज आरडी उघडलीस तर ती राशीत, आणि त्याने आज नवं कर्ज काढलं तर तेही राशीत असल्याचा वाद होऊ शकतो. नव्या कर्जाला जामीन राहू नकोस, कुणी कितीही गळ घातली तरी.

एक शंभर पानी वही आण. डाव्या पानावर काय आहे ते, उजव्या पानावर त्याचा कागद कुठे आहे ते. फ्लॅटचा विक्री करार आणि बँकेचं हप्त्यांचं विवरण. जमीन असेल तर एक-चौदाचा उतारा, घर असेल तर पंचायतीची घरपट्टी. सब रजिस्ट्रारकडून बोजा नसल्याचा दाखला. टिप्परचं आरसी बुक, आणि विकलेल्या टिप्परचे पैसे कुठल्या खात्यात गेले. विमा, पीएफ, ठेवी, पतसंस्थेतले तुझे शेअर. तुझ्या पीएफची स्लिपसुद्धा लाव, ती वगळलीस तर उद्या मध्यस्थापुढे तुझ्या बाकीच्या यादीवर कोण विश्वास ठेवील? दागिन्यांचं पान वेगळं ठेव: कुठला दागिना, कुणी दिला, लग्नाआधी की नंतर, आता कुणाजवळ. सोन्याबाबत कायद्यात बारकावे आहेत, ते पान वकिलापुढे ठेवूनच बोल. जाता जाता नॉमिनी कोण आहे तेही बघून घे.

कोर्टात गेलीस तर हे सगळं शपथेवर द्यावंच लागतं. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं सुप्रीम कोर्टाने २०२० च्या नोव्हेंबरात देशभरासाठी ठरवून दिलं. म्हणजे ज्या घरात पैसा कुठे जातो हे तुला कधी कळलं नाही, तिथला हिशेब आता त्यालाही लिहून द्यावा लागेल. तू कमावतेस म्हणून मुलांचा खर्च एकटीवर पडत नाही. मुलं दोघांची आहेत, खर्चही दोघांनी आपापल्या कुवतीप्रमाणे उचलायचा.

आता वाट कुठली. १९१० च्या कायद्यात भांडून घटस्फोट घ्यायचा तर ठरावीक कारणं लागतात: व्यभिचार, छळ किंवा गंभीर अपमान, तीन वर्षं घर सोडून जाणं, जुगाराचं जुनं व्यसन, अशी. "आमचं जमत नाही, तो बोलत नाही" हे त्या यादीत नाही. शिवाय तू आठ महिन्यांपूर्वी घर सोडलंस, ते तसंच लांबत गेलं तर उद्या तूच सोडून गेलीस असं कागदावर यायला वेळ लागत नाही. तू का निघालीस ते तारखेसकट वहीत लिहून ठेव. मुलीचं ते वाक्यही लिही.

दुसरी वाट परस्पर संमतीची. लग्नाला दोन वर्षांहून जास्त झालेली असावीत आणि दोघांचं वय पंचवीस पूर्ण असावं. तुम्ही दोन्हींत बसता. अर्जाबरोबर लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, मालमत्तेचं आणि मुलांचं काय ठरलं ते सगळं जोडायचं. ह्या वाटेने घटस्फोट आधी एका वर्षासाठी तात्पुरता मिळतो आणि वर्षानंतर पक्का होतो. सहा महिन्यांचं गणित मनातून काढून टाक. ते वर्ष वाया जातं असं मला कधी वाटलं नाही. कागदावर ठरवलेलं प्रत्यक्षात चालतं की नाही, मुलं कुठे अडतात, पैसे वेळेवर येतात का, हे त्या वर्षात दिसतं. आणि शेवटी पक्का हुकूम हाती आला की तो सिव्हिल रजिस्ट्रारच्या पुस्तकात तुमच्या लग्नाच्या नोंदीवर चढवून घे. ते राहिलं की सरकारी पुस्तकात तू विवाहितच राहतेस. पुढे घर घेताना किंवा पुन्हा लग्न करताना हे नडतं.

वाटणीवर एकमत झालं नाही तर घटस्फोटानंतर कोर्टात इन्व्हेंटरी होते. सगळी यादी, प्रत्येक वस्तूची किंमत, मग आपसातला लिलाव. ज्याला फ्लॅट हवा त्याने बोली वाढवायची आणि दुसऱ्याला फरकाचे पैसे मोजायचे. ज्याच्या हाती रोकड त्याचा वरचष्मा, आणि लागतात वर्षं. तुमच्यासारख्यांनी तिथवर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. एक फ्लॅट, एक टिप्पर, थोडं सोनं आणि तुझ्या माहेरच्या घरातले चार आणे, एवढ्याचा हिशेब दोन माणसं एका टेबलाशी बसून करू शकतात. टेबलाशी तिसरं माणूस बसलेलं असलं की झालं.

ते तिसरं माणूस म्हणजे मध्यस्थ. तो निकाल देत नाही. कोण चुकलं ते विचारत नाही. दोघांशी एकत्र बोलतो, वेगवेगळं बोलतो, आणि तू वेगळ्या बैठकीत सांगितलेलं तुझ्या परवानगीवाचून दुसरीकडे नेत नाही. तिथे बोललेलं पुढे कोर्टात तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. पटलं नाही तर उठून यायची मुभा आहे. ठरलं तर ते लिहून, दोघांच्या सह्यांनी, कोर्टापुढे जातं. त्यासाठी आधी दावा लावायलाच हवा असंही नाही. तालुक्याच्या कोर्टात कायदेसेवा समिती असते, जिल्ह्याचं कायदेसेवा प्राधिकरण असतं, तिथे अर्ज दे. स्त्री म्हणून तुला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तुझा पगार कितीही असो. १९८७ च्या कायद्यातच ते आहे. १५१०० ह्या नंबरवर फोन केलास तरी कुठे जायचं ते सांगतील.

इथे एक गोष्ट विचारते, खरं उत्तर स्वतःला दे. हात उगारला नाही असं तू लिहिलंस. पण त्याची भीती वाटते का? त्याच्यासमोर एका खोलीत बसून "नाही" म्हणता येईल का? येत नसेल तर पहिल्याच दिवशी मध्यस्थाला तसं सांग आणि बैठका वेगवेगळ्या माग. आणि काही घडलंच तर मध्यस्थी बाजूला ठेव आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात पैशाची कोंडी आणि मानसिक छळही धरलेला आहे.

आता मुलं.

"मुलगा आमचा, मुलगी तुझी" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, आणि प्रत्येक वेळी माझा जीव तितकाच तुटतो. नऊ वर्षांच्या मुलीने आपला घाबरलेला भाऊ गेले आठ महिने कुशीत घेऊन झोपवला असेल. त्यांचे आई-वडील वेगळे होतायत, त्यात भावंडंही वेगळी करायची? सासूबाईंशी वाद घालू नकोस, पण ह्या एका मुद्द्यावर एक पाऊलही मागे येऊ नकोस. कोर्ट कुणाचा वंश बघत नाही, मुलाचं हित बघतं. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं, तसं का नसावं हे बापाने दाखवून द्यावं, हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये गोव्याहूनच गेलेल्या एका प्रकरणात सांगितलं आहे. मुलीचं वय असं आहे की न्यायाधीश तिला चेंबरमध्ये बोलावून तिच्याशी बोलू शकतात. तिला काय बोलायचं ते शिकवू नकोस. शिकवलेलं बोलणं ओळखू येतं, आणि त्याचं ओझं पोर आयुष्यभर वागवते.

पण मावसभावाचा दुसरा सल्ला, मुलांना भेटू देऊ नकोस, तो तर मुळीच ऐकू नकोस. त्याने नवरा वठणीवर येत नाही. तुझ्या मुलीला आधीच वाटतंय की बाबा आपल्याशी कट्टी आहेत. भेट बंद केलीस की तिची खात्री होईल. पैसे आले नाहीत म्हणून भेट बंद, भेट दिली नाही म्हणून पैसे बंद, हे दोन्हीकडून सुरू झालं की दोर ओढला जातो तो मुलांच्या गळ्याभोवती. तुमच्या कागदात हे दोन विषय वेगवेगळ्या कलमांत ठेवायला सांग.

एका जोडप्याचं सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. मुलगा सात वर्षांचा. दोन बैठका नुसत्या "महिन्यातून किती दिवस" ह्यावर गेल्या. बाप पंधरा म्हणे, आई चार. तिसऱ्या बैठकीला मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवलं आणि दोघांपुढे एक निळं आणि एक लाल पेन ठेवलं. म्हटलं, आकडे सोडा, एक साधा सोमवार लिहा. सकाळी पोराला कोण उठवतं? बालरथच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, थांब्यावर कोण उभं राहतं? डब्यात काय? ताप आला की शाळेतून फोन कुणाला? बाप पेन घेऊन बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "तो डब्यात काय नेतो, मला ठाऊक नाही." ती बाई इतका वेळ त्याच्याकडे बघतही नव्हती. म्हणाली, "पोळी आणि गूळ. भाजी घातली की परत आणतो." बापाने ते कालनिर्णयाच्या कोपऱ्यावर लिहून घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदा काम पुढे सरकलं. शनिवार-रविवार एकाआड एक बापाकडे, बुधवारी संध्याकाळी तो शाळेतून आणणार, जेवू घालून आठच्या आत सोडणार.

आणि मग चवथीच्या पानावर येऊन पुन्हा अडलं. दोन्ही घरी गणपती, दोघांनाही पहिला दिवस हवा. शेवटी मुलालाच काय हवं ते दोघांनी आपापल्या परीने विचारून यायचं ठरलं. पुढच्या वेळी दोघांनी एकच उत्तर आणलं: त्याला आज्यासोबत माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधायची होती. सुपारीची शिपटं आज्याच्या हातात उचलून द्यायची, चिबूड कुठे टांगायचा ते सांगायचं. म्हणजे त्याला चतुर्थीचा आदला दिवस हवा होता, ज्याच्यासाठी कुणीच भांडत नव्हतं. तो बापाकडे गेला, आणि चतुर्थीच्या दुपारच्या आरतीला आईकडे आला.

तुमच्या कागदातही असंच बारीक लिहा. "सणासुदीला सोयीप्रमाणे" असं लिहिलं की दर सणाला भांडण. चवथ, दिवाळी, मेची सुट्टी, दोघांचे वाढदिवस. आणायचं कुणी, सोडायचं कुणी. बाप कामासाठी बाहेर गेला तर फोन किती वाजता. शाळेची फी, ट्युशन, डॉक्टर कोण किती देणार आणि कुठल्या तारखेला. शाळा बदलायची तर दोघांच्या संमतीने. मुलांकरवी निरोप पाठवायचा नाही, हेही लिहून घे. मुलीच्या दप्तरातून हप्त्याची पावती पाठवणारे शिकलेसवरलेले आई-बाप असतात.

नवऱ्याबद्दल दोन शब्द लिहिते, रागावू नकोस. डिचोली-साखळीच्या पट्ट्यात दारात टिप्पर उभा करून बसलेले किती पुरुष मी पाहिले. २०१२ ला खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, कर्जं काढली आणि २०१८ ला पुन्हा थांबल्या. कमावणारा म्हणून ज्याची घरात ओळख, त्याचं ते गेलं की काहीजण दारू धरतात, काही जण गप्प होतात. त्याच्या गप्प राहण्याने तुझी सात-आठ वर्षं गेली, ती कुणी भरून देणार नाही, आणि तू परत जा असं मी मुळीच सुचवत नाही. पण मध्यस्थापुढे हा माणूस कदाचित पहिल्यांदाच आकडे उघडे करेल, आणि ते आकडे त्याच्या भीतीपेक्षा लहान निघतील किंवा मोठे. तेव्हा त्याला लगेच हिणवू नकोस. हिशेब पुरा होऊ दे. "तू काही मागू नकोस" असं तो म्हणतो तेव्हा त्याच्याजवळ द्यायला काही उरलंय का, हे त्यालाच माहीत नसेल.

ह्या आठवड्यात वहीला सुरुवात कर. पुढच्या आठवड्यात कायदेसेवा समितीत जा, वही घेऊन. नवऱ्याला एक साधा मेसेज पाठव: मी सही करायला तयार आहे, पण आधी मध्यस्थापुढे बसून सगळं ठरवू. शेवटच्या वाक्यात टोमणा नको.

आणि मुलीच्या प्रश्नाला कोर्टाची वाट बघायची गरज नाही. यंदा दीड दिवस दोन्ही मुलांना डिचोलीला पाठव, दोघांना एकत्र, मग पुढचे दिवस फोंड्याला तुझ्याकडे. नेणं-आणणं कोण करणार ते त्याच मेसेजमध्ये ठरवून टाक. मुलांचे नवे कपडे दोन पिशव्यांत भर, आणि मुलाला झोपताना जे काही लागतं, पांघरूण असो की बाहुला, ते डिचोलीच्या पिशवीत आधी घाल. मग मुलीला जवळ घेऊन सांग, आधी बाबांकडे, मग आजीकडे, आणि भाऊ सगळीकडे तुझ्यासोबत.